रांग विकत घेताना

गेल्या डिसेंबरात माय आणि आण्णा पहिल्यांदा दिल्लीला आले. सोबत भावाची दोन लेकरं, एक नऊ वर्षांचं आणि एक सहा. आण्णांना दिल्लीत एकच जागा पाहायची होती: २६, अलीपूर रोड, जिथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं परिनिर्वाण झालं. ती पाहून झाली. संसद बाहेरून पाहून झाली, लाल किल्ला झाला. मग लेकरांची पाळी आली. त्यांनी मोबाईलवर रोलरकोस्टर पाहिला होता, त्यांना त्यातच बसायचं होतं. मी नोएडात नोकरी करते, तिथेच भाड्याने राहते. रविवारी सगळ्यांना मेट्रोने घेऊन एनसीआरमधल्या एका अम्युझमेंट पार्कात गेले.

खिडकीवर दोन दर लिहिलेले होते. एक साधं तिकीट. दुसरं 'एक्स्प्रेस', जवळजवळ दुप्पट. एक्स्प्रेसवाल्यांना मनगटाला सोनेरी पट्टा बांधतात आणि प्रत्येक पाळण्यापाशी वेगळ्या दारातून आत सोडतात. पाच जणांचा हिशोब केला तर वरचे पैसे माझ्या घरभाड्याच्या निम्म्याच्या आसपास जात होते. तरी मी घेतलं. मायचे गुडघे दुखतात, लेकरं पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, ही कारणं होतीच. पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. आपली लेक आता पुढच्या रांगेचे पैसे भरू शकते, हे मला आण्णांना दाखवायचं होतं.

पहिल्याच पाळण्यापाशी आण्णा थांबले. दोन दारं पाहिली आणि विचारलं, "ही दुसरी रांग कुणाची?"

"जास्त पैसे भरले त्यांची. आपलीच आहे, आण्णा. चला."

त्यांनी लांब रांगेकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुम्ही जावा. मी हितं हुबा ऱ्हातो." आणि शेवटच्या माणसामागे जाऊन उभे राहिले. मला राग आला. पैसे वाया गेले म्हणून आला आणि चारचौघांत माझं काही चाललं नाही म्हणूनही आला. आम्ही चौघं पाच मिनिटांत आत गेलो, बसलो, उतरलो, बाकीचे तीन पाळणे उरकून परत आलो, तेव्हा कुठे आण्णांचा नंबर लागला होता. मधल्या वेळात त्यांनी बुलंदशहरच्या एका कुटुंबाशी मोडक्या हिंदीत ओळख करून घेतली होती आणि त्यांच्याकडचे शेंगदाणे खाल्ले होते.

परतताना मेट्रोत मी विचारलं, "आण्णा, एवढं काय झालं होतं?" त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. गावातल्या विहिरीवर आमच्या वस्तीला रांग नव्हतीच. रांगेत उभं राहायलाही एक हक्क लागतो, तोच नव्हता. घागर घेऊन लांब बसायचं आणि कुणाला दया आली की त्याने वरून ओतायचं. "आज माझ्या मागं पन्नास माणसं हुबी हुती," ते म्हणाले, "आन एकानंबी मागं सर म्हणलं न्हाई. ते सोडून मी कशाला पुढं पळू?"

मायने लगेच ऐकवलं, "तुमचे गुडघे धड हायत म्हणून हे सुचतंय. मला इचारा, त्या दाराला मी हात जोडते."

तेव्हापासून या दोघांचं म्हणणं माझ्या डोक्यात आहे. पैसे देऊन रांग टाळणं परवडतं का, हा प्रश्न वरवर पाहता सुट्टीच्या दिवशीचा आहे. पण आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्या घराण्यात हा प्रश्न याआधी कुणाला पडलेलाच नाही, कारण आधी रांग नव्हती आणि नंतर पैसे नव्हते. आपल्याला तो पडतोय, तर नीट सोडवला पाहिजे.

आधी साधा हिशोब. समजा एका पाळण्यात २४ जण बसतात आणि तासाला २० फेऱ्या होतात. म्हणजे तासाला ४८० जागा. तुमच्यापुढे ४८० माणसं असतील तर तुमचा नंबर तासाभराने लागेल. आता दर तासाला त्यातल्या १६० जागा एक्स्प्रेसच्या दारातून येणाऱ्यांना दिल्या, तर साध्या रांगेला उरल्या ३२०. त्याच ४८० माणसांना आता दीड तास लागेल. पार्कने एकही खुर्ची वाढवली नाही, एकही फेरी जास्त केली नाही. मी वाचवलेला वेळ कुठून आला? माझ्या शेजारच्या रांगेतून. त्या दिवशी तो काही प्रमाणात आण्णांच्याच वाट्यातून आला, हे मला नंतर लक्षात आलं.

याच हिशोबातून ते कधी घ्यायचं हेही कळतं. मंगळवार-बुधवारी, शाळा चालू असताना पार्क रिकामं असतं. तेव्हा एक्स्प्रेस म्हणजे पैसे पाण्यात. रविवार, २ ऑक्टोबर, नाताळची सुट्टी, अशा दिवशी त्याची किंमत वसूल होते. आणि जितके जास्त लोक ते घेतील तितकी एक्स्प्रेसची रांगही लांबते, म्हणजे घेणाऱ्याचीही फसगत होते. तेव्हा आधी आत जा, गर्दी पाहा, मग ठरवा. रजा टाकून मधल्या वारी जाता आलं तर तेच सगळ्यात स्वस्त एक्स्प्रेस तिकीट. पण ज्यांना भरपगारी रजा मिळते त्यांनाच हे जमतं, हेही ध्यानात असू द्या.

ही पद्धत काही एकट्या एनसीआरची नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात एक्स्प्रेस तिकीट आहे, वंडरलाच्या पार्कांत 'फास्टट्रॅक' आहे. अमेरिकेतल्या डिस्नेने १९९९ मध्ये 'फास्टपास' आणला तेव्हा तो फुकट होता. तिकीट असलेल्या कुणालाही यंत्रातून वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळायची, तेवढ्या वेळात परत यायचं. २०२१ मध्ये तो बंद करून त्याजागी पैसे घेणारी सोय आली. हा तपशील महत्त्वाचा आहे. सगळ्यांचा ताटकळण्याचा वेळ कमी करायची युक्ती उपलब्ध आहे आणि ती वापरूनही झालेली आहे. ती मोडली, कारण सगळ्यांची सोय विकता येत नाही, फक्त काहींची विकता येते.

आता आपल्यातलाच एक युक्तिवाद. तो मी अनेक मित्रांकडून ऐकलाय आणि तो मला सहज झटकता येत नाही. ते म्हणतात, पैसा जात विचारत नाही. पट्टा बांधणाऱ्या मुलाने माझं आडनाव विचारलं नाही. देवळात, विहिरीवर, पंगतीत जे मिळालं नाही ते बाजारात मिळतं, मग बाजाराला नावं का ठेवायची?

यात तथ्य आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ चा जो प्रसंग लिहिलाय तो आठवा. नऊएक वर्षांचे भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनला उतरले. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळली आणि गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी कुणी तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा: भाडं दुप्पट द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला सोबत पायी चालणार. म्हणजे दुप्पट पैसे मोजून सेवा निम्मी. सव्वाशे वर्षांनी त्याच दुप्पट पैशात माझ्या मायला मानाने आत सोडलं, 'मॅडम' म्हटलं. हा फरक लहान नाही. तो मी लहान करणारही नाही.

म्हणूनच पार्कातल्या दोन रांगांना सरळ जातिव्यवस्था म्हणायला मी तयार नाही. सोनेरी पट्टा संध्याकाळी कात्रीने कापून कचऱ्यात टाकता येतो. जात तशी कापता येत नाही. नोएडात खोली शोधताना मी पैसे रोख देत होते, तरी आडनाव ऐकल्यावर दोन ठिकाणी खोली 'कालच गेली' होती. तेव्हा पैसा जात विचारत नाही हे अर्धसत्य आहे. पैसा खिडकीवर जात विचारत नाही. पण तो खिडकीपर्यंत कुणाच्या खिशात पोचला, हे जातच ठरवत आलीय. त्या रविवारी पाळण्याची दोरी धरून उभा असलेला मुलगा कंत्राटावर होता. दोन्ही रांगांच्या शिव्या तोच खात होता. त्याच्या मनगटाला कुठलाच पट्टा नव्हता.

पण या लेखातलं मुख्य म्हणणं वेगळं आहे. 'रांग मोडून पुढे गेलेले' हा शब्दप्रयोग आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? वर्गात, हॉस्टेलवर, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर. मी दिल्लीत एम.ए.ला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात एकीने विचारलं होतं, "तुझा कटऑफ किती होता?" बार्टीच्या योजनेतून यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत आलेल्या मुलांनाही अशाच चौकशीला तोंड द्यावं लागतं. त्या प्रश्नामागे एक चित्र असतं: एक रांग आहे, सगळे शिस्तीत उभे आहेत, आणि आपण मधेच घुसलोय.

आता याच चित्रात पैसा घालून पाहा. वसंतदादा पाटलांच्या काळात, १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. मग देणग्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. तो झाल्यावरही पैशाला अधिकृत दार मिळालंच. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या पी. ए. इनामदार निकालाने खासगी कॉलेजांना पंधरा टक्क्यांपर्यंत एनआरआय कोटा ठेवायची मुभा दिली. या जागांवर कमी गुणांचे विद्यार्थी बसतात आणि फी भरून डॉक्टर होतात. त्यांना कुणी कटऑफ विचारत नाही. रेल्वेचं तत्काळ तिकीट १९९७ मध्ये आलं, २०१४ मध्ये मागणीप्रमाणे भाव चढणारं प्रीमियम तत्काळ आलं. दिल्ली-मेरठ नमो भारत गाडीत जास्त भाड्याचा प्रीमियम डबा आहे. याला कुणी घुसखोरी म्हणत नाही. याला सोय म्हणतात.

पुढे जाण्याचे तीन प्रकार आहेत. एक, गरजेमुळे: म्हातारं माणूस, गरोदर बाई, अपंग व्यक्ती. दोन, पिढ्यान्‌पिढ्या रांगेबाहेर ठेवलं म्हणून राखलेली जागा. तीन, पैशाने घेतलेली जागा. पहिल्याला लोक जागा देतात, निदान लाजेने तरी. तिसऱ्याकडे हेव्याने पाहतात. फक्त दुसऱ्यावर चिडतात. आणि या दुसऱ्या प्रकारातही परीक्षा द्यावी लागते, स्पर्धा करावी लागते. आरक्षणाच्या रांगेतही हजारो उभे असतात आणि जागा मोजक्याच असतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी रांगेचा दाखला दिला तर गप्प बसू नका. त्याने शेवटचं कुठलं तिकीट जास्त पैसे भरून काढलं, एवढंच विचारा.

देवळांची गोष्टही इथेच येते. १९३० मध्ये काळारामाच्या दारासाठी आपल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, दार काही उघडलं नाही. आज शिर्डीत पैसे भरून लवकर दर्शन मिळतं, तिरुपतीला ३०० रुपयांत विशेष प्रवेश मिळतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी व्हीआयपी दर्शनाच्या फीविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टापुढे आली. अशी खास वागणूक असू नये असं मत असू शकतं, पण आम्ही याबाबत आदेश देणार नाही, असा कोर्टाचा सूर होता, आणि याचिका फेटाळली गेली. याच्याशेजारी ६ डिसेंबरची चैत्यभूमी ठेवा. दादरला लाखो लोक तासन्‌तास उभे राहतात. मंत्र्यांना थेट आत नेतात, ते खटकतंच. पण पैसे भरून पुढे जायची पावती तिथे कुणी फाडत नाही. शिपाई आणि सचिव एकाच रांगेत उभे असतात. रांग म्हणजे समता हे आण्णांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते तिथे उभे राहून आलेले आहेत.

मग माय चुकली का? अजिबात नाही. पण मी नंतर नीट विचार केला. मायला खरं काय हवं होतं? लवकर जाणं तिला नकोच होतं, घाई लेकरांना होती. तिला बसायला बाक हवा होता, प्यायला पाणी हवं होतं आणि मुतारी जवळ हवी होती. साध्या रांगेत यातलं काहीच नव्हतं. लोखंडी पाइपांमधून वळणं घेत दीड तास उभं राहायचं, मधून बाहेर पडलात तर नंबर गेला. पार्कने मला वेग विकला असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याने साध्या रांगेच्या त्रासातून सुटका विकली. आणि जो सुटका विकतो त्याला तो त्रास कमी करण्यात रस कसा असेल? बाक टाकले, चिठ्ठीवर वेळ दिली, तर सोनेरी पट्टा कोण घेईल?

ही गोष्ट पाळण्यापुरती असती तर मी लेख लिहिला नसता. पण सरकारी दवाखान्याचं हेच झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेचं हेच झालं. ज्यांना तक्रार लिहिता येते, माहिती अधिकार टाकता येतो, अधिकाऱ्यापुढे इंग्रजीत बोलता येतं, ते एकेक करून पैशाच्या दारातून निघून गेले. मागे राहिले ते ज्यांचं ऐकायला कुणी बांधील नाही. दिल्लीत एम्सबाहेर फुटपाथवर रात्र काढणारी कुटुंबं पाहा. त्यांना पट्टा परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो ते तिथे थांबत नाहीत. आपण पहिल्या पिढीचे पदवीधर नेमके या वळणावर उभे आहोत. आपल्या घरात तक्रार लिहू शकणारे आपणच पहिले आणि निघून जाऊ शकणारेही आपणच पहिले. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला, इथून चार तासांवर, बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याच वळणाबद्दल होती असं मला वाटतं.

म्हणून माझं उत्तर असं. पार्कात, गर्दीच्या दिवशी, आईवडील म्हातारे असतील, लेकराची एकच फेरी होणार असेल आणि पैसे उसने घ्यावे लागत नसतील, तर घ्या एक्स्प्रेस. अपराधी वाटून घेऊ नका. मौज करायचा हक्क आपल्यालाही आहे. आपली मौज साधीच असली पाहिजे असा नियम इतरांनी केलेला आहे. पण बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत लिहा: रांगेत बाक टाका, पाणी ठेवा, साठीच्या पुढच्यांना आणि अपंगांना फुकट आत सोडा. मी त्या दिवशी लिहिलं नाही. घरी आल्यावर ईमेल केला. उत्तर आलेलं नाही. पुन्हा करणार आहे.

आणि जिथे पर्यायच नसतो, दवाखान्यात, शाळेत, रेशनवर, तिथली रांग विकायला काढली तर विरोध करा. स्वतःला ती परवडत असली तरी करा.

आण्णांचा पट्टा त्यांनी वापरलाच नाही. तो त्यांनी जपून धाकट्याला दिला, सोनेरी आहे म्हणून. गावी गेल्यावर फोनवर विचारलं, "पार्क कसं वाटलं?" म्हणाले, "बरं हुतं. पुढच्या वेळी तू बी रांगेत ऱ्हा. शेंगदाणे चांगले हुते." मागून मायचा आवाज आला, "तिला ऱ्हाऊ द्या. मला मातर बाक सांगून ठेव."